नाव सोनुबाई, मुक्काम मोरा

मराठीत नाव पाण्यात सोडतात आणि नाव पाळण्यातही ठेवतात. पहिली स्त्रीलिंगी, दुसरं नपुंसकलिंगी, आणि दोन्ही बुडतात. ‘नाव बुडाली’ म्हटलं की खलाश्यांची चौकशी करायची, ‘नाव बुडालं’ म्हटलं की घराण्याची. या दोन संकटांत भाषेने फक्त एका वेलांटीचं अंतर ठेवलं आहे. म्हणून आपल्या लेखनाला नाव शोधणाऱ्या माणसाने शब्दकोश उघडण्याआधी एकदा मोऱ्याला जावं, असं माझं मत आहे. नवी मुंबईच्या समुद्राकडच्या टोकाला, उरणला लागून असलेलं हे बंदर. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने साधारण तासाभरात पोचता येतं, अट एवढीच की मोठी ओहोटी नसावी आणि गाळाने वाट अडवलेली नसावी. तिथे कोळीवाड्याच्या बोटी नाळेवर आपापली नावं मिरवत उभ्या असतात. त्यातली निम्मी तरी नावं परतीच्या लाँचमध्ये बसेपर्यंत लक्षात राहतात. घरी कपाटात रचलेल्या हौशी अंकांची आणि कवितासंग्रहांची किती राहतात, हे ज्याचं त्याने तपासावं.

मी बोलतोय ते स्वतःच्या, एकट्याच्या, वर्गणीदार मिळाले तर मिळाले अशा बेताने चालवायच्या लेखनाबद्दल. कुणी सदर लिहायला घेतो, कुणी चार पानी अंक काढतो, कुणी दर रविवारी ओळखीच्या तीस-चाळीस माणसांना मजकूर धाडतो. लिहायचं काय, हे ठरायच्या आधी नाव ठरतं, आणि पुष्कळदा नावाच्या पुढे काहीच ठरत नाही. हे नाव येतं कुठून? माझ्या पाहण्यात ते एका कोष्टकातून येतं. डावीकडे मन, शब्द, भाव, अक्षर, काव्य आणि स्वर. उजवीकडे तरंग, गंध, स्पंदन, सुमन, वेल आणि पर्ण. डावीकडचा कोणताही उचलून उजवीकडच्या कोणत्याही शेजारी बसवा: मनतरंग, शब्दगंध, भावस्पंदन, अक्षरवेल. सहा सक छत्तीस नावं तयार होतात, आणि लक्षात राहण्याशी त्या सगळ्यांचा छत्तीसचा आकडा असतो. ही नावं वाईट नाहीत. वाईट असती तर निदान आठवली असती. लग्नाच्या पत्रिकेवरच्या गणपतीसारखी ती आहेत. नजर नमस्कार करून पुढे जाते, थेट जेवणाच्या वेळेकडे.

दुसरा प्रकार विनयाचा. ‘सहज सुचलेलं’, ‘असंच काहीतरी’, ‘उगाच’, ‘मोडकंतोडकं’. यात लेखक आधीच हात जोडून उभा असतो, म्हणजे वाचकाने नावं ठेवायच्या आत आपणच नाव ठेवून मोकळं व्हायचं. हा विनय फसवा असतो हे सांगायला नकोच. ‘सहज सुचलेलं’च्या मागे तीन रात्रींचं जागरण असतं. पण खोटेपणापेक्षा मला त्यातला अव्यवहार जास्त खटकतो. कर्ज काढून बांधलेल्या बोटीला कोणताही नाखवा ‘सहज तरंगलेली’ असं नाव देत नाही. त्या नावाच्या बोटीवर खलाशी चढेल का? मग त्या नावाच्या अंकावर वर्गणीदाराने का चढावं?

आता माझं म्हणणं मांडतो. नाव मालक ठेवतो, पण ते ठरतं हाक मारणाऱ्याच्या तोंडात. मालकाचं काम अर्ज करण्याचं, मंजुरी लोकांची. याचा पुरावा मोऱ्याला जाणारी लाँच सुटते तिथेच आहे. त्या धक्क्याचं इंग्रजी नाव फेरी व्हार्फ. ते फलकावर आणि तिकिटावर आयुष्यभर इमानाने राहिलं, माणसाच्या जिभेवर मात्र एकदाही चढलं नाही. धक्का बांधणारे गृहस्थ लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. आडनाव पाहा: अजिंक्य! आजच्या एखाद्या नामकरण समितीच्या हाती हे आडनाव लागलं असतं तर ‘अजिंक्य जलद्वार’पेक्षा कमी काही निघालं नसतं. लोकांनी ते सगळं बाजूला ठेवलं आणि त्यांना घरी म्हणायचे ते ‘भाऊ’ उचललं. (एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत भाऊंची रेलचेलच होती. १८४१ साली ‘प्रभाकर’ काढणारे गोविंद विठ्ठल कुंटे हे भाऊ महाजन, आणि वैद्यकापासून शिलालेखांपर्यंत सगळीकडे हात असलेले रामकृष्ण विठ्ठल लाड हे भाऊ दाजी. धक्का एका भाऊचा, वर्तमानपत्र दुसऱ्याचं, वस्तुसंग्रहालय तिसऱ्याच्या नावाचं. आणि तिघांचीही कागदावरची नावं आज अभ्यासक सोडून कुणाला येत नाहीत.)

दुसरा पुरावा मोऱ्याच्या समोरच, पाण्यात आहे. घारापुरी. पोर्तुगीज तिथे उतरले तेव्हा राजबंदराजवळ एक मोठा दगडी हत्ती उभा होता, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. वर लेण्यात त्रिमूर्ती, अर्धनारीश्वर, नटराज असा शैव तत्त्वज्ञानाचा खजिना होता, पण नाव पडलं ते बोटीतून उतरताना जे दिसलं त्याचं. पुढे तो हत्ती कोसळला, १८६४ साली त्याचे तुकडे मुंबईला नेले, १९१४ साली ते पुन्हा जोडले, आणि आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजींच्या नावाच्या संग्रहालयाशेजारी उभा आहे. बेटावर हत्ती नाही आणि नाव मात्र हत्तीचं, हा कारभार दीडशेहून अधिक वर्षं बिनतक्रार चालू आहे. नाव ठेवणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी: डोळ्यांना दिसणारी वस्तू नावात असली की ती वस्तू निघून गेली तरी नाव टिकतं. ‘स्पंदन’ दिसतही नाही आणि निघूनही जात नाही. ते आपलं असतं.

तिसरा पुरावा ताजा आहे. गाड्या बोटीत चढवून पलीकडे उतरवणाऱ्या सेवेला आपल्याकडे ‘रो-रो’ म्हणतात. हे कोणत्या इंग्रजी शब्दांचं संक्षिप्त रूप आहे, ते मांडव्याला गाडी नेणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ठाऊक नसावं, आणि हिंदीच्या कानाने ऐकलं तर तो रडण्याचा आदेश आहे. तरीही एकदा ऐकलं की सुटत नाही. एकच अक्षर दोनदा, शेवटी मोकळा ओ. मोऱ्याच्या रो-रो जेट्टीचं काम बरीच वर्षं रखडलं, तेव्हा हे नाव हिंदीतूनही सार्थ झालं. उलट शिवडी-न्हावाशेवा पुलाचं कागदावरचं पूर्ण नाव एका श्वासात म्हणून दाखवा. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं आणि लोकांनी लगेच ‘अटल सेतू’ एवढे दोन शब्द ठेवून बाकीचे खाडीत सोडले. पूल २१.८ किलोमीटरचा चालतो, नाव तेवढं लांब चालत नाही.

बोटींकडे वळू. मोऱ्याच्या बोटींवर एकवीरा असते, खंडोबा असतो, साई असतो, दर्यासागर आणि जलपरी असते, कधी नाखव्याच्या बायकोचं किंवा मुलीचं नाव असतं. यात कल्पकता कुठे आहे, असं कोष्टकवाले विचारतील. कल्पकता नाही, उपयोग आहे. इंजिन धडधडत असतं, वारा तोंडावर असतो, आणि शेजारच्या बोटीला सांगायचं असतं की तुमचं जाळं आमच्या जाळ्यात चाललंय. अशा वेळी ओरडून किंवा वायरलेसवरून जे पलीकडे पोचतं ते नाव. ‘एकवीराऽऽ’ म्हणून पाहा. शेवटचा आ कितीही ताणता येतो, फुप्फुस थकेल पण आ संपणार नाही. आता ‘भावस्पंदनऽऽ’ म्हणून पाहा. न पाशी तोंड मिटतं आणि हाक नाकात शिरते. हा निव्वळ ध्वनीचा मामला आहे, आणि तो एकेकाळच्या वर्तमानपत्रांनाही लागू होता, कारण तीही चौकात ओरडून विकायची असत. १८८१चा ‘केसरी’, अत्र्यांचा १९५६चा ‘मराठा’ ही नावं विक्रेत्या पोराच्या गळ्याच्या मापाने शिवल्यासारखी आहेत. परुळेकरांच्या १९३२च्या ‘सकाळ’मध्ये शेवटी ळ आहे खरा, पण त्याआधीचा का इतका ऐसपैस आहे की पोराला गल्लीच्या टोकापर्यंत पुरावा. शिवाय हा शब्द रोज उगवतो. ज्याचं नाव सूर्यालाच घ्यावं लागतं त्याने जाहिरातीवर खर्च का करावा?

इथे जाणकार वाचक मला अडवणार आणि त्याने अडवावंच. तो म्हणेल, ‘विविधज्ञानविस्तार’चं काय? आठ अक्षरं, मध्ये ज्ञ, शेवटाकडे स्ता. विक्रेत्याने ओरडायचं ठरवलं तर त्याला दुपार होईल. आणि हे मासिक १८६७ पासून १९३७ पर्यंत सत्तर वर्षं चाललं. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचं उत्तर टपालखात्यात आहे. ‘विस्तार’ चौकात विकलाच जात नव्हता. तो वर्गणीदाराच्या घरी पोस्टमन आणून टाकायचा, आणि पोस्टमनला नाव ओरडावं लागत नाही, पत्ता वाचता आला की पुरे. घरपोच येणाऱ्या पाहुण्याला भारदस्त नाव शोभतं, रस्त्यावरून हाक मारून बोलवायच्या माणसाला नाही. आणि दुसरं उत्तर माझ्या वरच्या वाक्यांतच येऊन गेलं. मी ‘विस्तार’ म्हटलं. त्या काळचे लोकही तेच म्हणत. संपादकांनी आठ अक्षरं दिली, वाचकांनी तीन ठेवून घेतली. ‘निबंधमाला’ची ‘माला’ झाली. ‘महाराष्ट्र टाइम्स’चा ‘मटा’ झाला, आणि मटाने शेवटी स्वतःही ते कबूल करून टाकलं.

म्हणून नाव ठरवताना ते पूर्ण कसं दिसतं हे पाहण्यात वेळ घालवू नये. लोकांनी कातरल्यावर काय उरेल, ते पाहावं. ‘मटा’ सुदैवी ठरला. त्यात वटाण्याचा हिंदी मटर आणि अर्धा मटका एवढंच सापडतं. पण समजा एखाद्या सद्गृहस्थाने मोऱ्यातून शाळकरी मुलांसाठी ‘शिक्षण विचार’ काढला. हेतू निर्मळ, नाव निर्मळ. सहा महिन्यांत लाँचमधली मंडळी आद्याक्षरं जोडतील आणि मुलं घरी येऊन सांगतील, आज गुरुजींनी शिवि वाचायला दिली.

नावात अर्थ असावा की नाही, हा पुढचा वाद. नावावरून आत काय आहे ते कळलं पाहिजे, असं सांगणारे सल्लागार पुष्कळ. यावर मराठी नियतकालिकांचा इतिहास गालातल्या गालात हसतो. ‘सत्यकथा’ १९३३ साली निघाली आणि पुढे मराठीतल्या सगळ्यात नावाजलेल्या कल्पित कथा तिच्यात छापल्या गेल्या. ‘मौज’ या नावाखाली जे साहित्य प्रसिद्ध झालं त्यातलं बरंचसं वाचून माणूस आठवडाभर गंभीर असतो. ‘किर्लोस्कर खबर’ हे १९२० साली नांगर करणाऱ्या कारखान्याच्या घरचं पत्रक होतं. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं सर्वांसाठीचं मासिक केलं, पुढे ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ उरलं, आणि घराघरांत नांगराच्या नावाने कथा वाचल्या गेल्या. एकाही वाचकाने नांगराचा फाळ सोबत का आला नाही अशी तक्रार केली नाही. नाव हा मजकुराचा सारांश नसतो. ते कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खुंटीसारखं असतं. खुंटी भक्कम हवी, तिच्यावर कपड्यांची यादी कोरायची गरज नाही.

पण अर्थाचा एक प्रकार मात्र मला मान्य करावाच लागतो, आणि तो मान्य करताना विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक सुरू केलं, त्याचं नाव ‘मूकनायक’. पाच अक्षरांत दोन शब्द, आणि ते एकमेकांना धरून उभे आहेत. नायक म्हणजे बोलणारा, पुढे असणारा. मूक म्हणजे ज्याचं बोलणं ऐकून घेतलं गेलेलं नाही असा. हे नाव लेखकाच्या मनात काय तरंगतंय ते सांगत नाही, तो कुणाच्या बाजूने उभा आहे ते सांगतं. बोटीवरची एकवीराही तेच करते: समुद्र पाहून नाखव्याला काय वाटलं हे तिच्यात नसतं, आपण कुणाच्या भरवशावर निघालो हे असतं. अर्थ घालायचाच असेल तर तो या जातीचा घालावा. तो नसेल तर न घातलेला बरा.

एक अर्थ तर कायद्याने बंद व्हायला हवा: ‘नव’. काल नवं असलेलं नाव आज काय सांगतं? ‘नवा काळ’ १९२३चा आहे. बेळगावचा ‘तरुण भारत’ १९१९चा, म्हणजे शंभरी ओलांडून तरुण. सिडकोची स्थापना १९७० सालची, आणि तिने वसवलेली मुंबई पन्नाशी उलटली तरी नवीच. तिथे जन्मलेल्यांची नातवंडं शाळेत जाऊ लागली. मोठ्या संस्थांना हे चालून जातं, कारण नाव जुनं झालं की लोक त्याचा अर्थ ऐकायचं सोडून देतात. पण एकट्या माणसाचं लेखन त्या टप्प्यापर्यंत पोचायच्या आधीच ‘नवांकुर’ सुकून जातो आणि नाव त्याच्या समाधीवर विनोदासारखं उरतं.

एकट्या माणसाचाच विषय निघाला म्हणून त्यातला मेरुमणी सांगतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू केली. जवळजवळ सगळा मजकूर त्यांचा स्वतःचा. अंक किती? ८४. सात वर्षं एका माणसाने महिन्याला एक याप्रमाणे लिहिले. आता नाव पाहा: निबंधमाला. यात गंध, तरंग, स्पंदन काहीही नाही, शाळेच्या वहीच्या पाठीवर शोभेल असं नाव आहे. तरीही ते विसरलं गेलं नाही, आणि ते नावामुळे नव्हे तर त्या चौऱ्याऐंशींमुळे. माझ्या सिद्धांताला यामुळे धक्का बसतो हे मला दिसतंय. काम दमदार असेल तर नाव कसंही चालतं, मग नावावर एवढी चर्चा कशाला? चर्चा यासाठी की आपल्यातले फार थोडे चिपळूणकर असतात. तिसऱ्या अंकाला दमणाऱ्याला नावाचा टेकू लागतो.

शिवाय निबंधमालेनेच एक धोका दाखवून दिला आहे, ज्याचा नाव ठेवणारे विचारच करत नाहीत. अंकाचं नाव उलटून मालकाला चिकटतं. चिपळूणकर ‘मालाकार’ झाले, ज्याचा संस्कृत अर्थ सरळ माळी असा होतो. १८९८ साली ‘काळ’ काढणारे शिवराम महादेव परांजपे ‘काळकर्ते’ झाले. हे बिरुद ब्रह्मदेवालाही जड जावं. त्यांच्यावर १९०८ साली राजद्रोहाचा खटला झाला, म्हणजे सरकारने काळकर्त्यालाच तुरुंगात घातलं. केशव सीताराम ठाकरे यांनी १९२१ साली ‘प्रबोधन’ काढलं आणि ते कायमचे ‘प्रबोधनकार’ झाले, इतके की पुढे त्यांनी आपल्या मुलांनी काढलेल्या व्यंगचित्र साप्ताहिकाला ‘मार्मिक’ हे नाव सुचवलं तेही प्रबोधनकारांनी सुचवलं असंच नोंदलं जातं. तेव्हा कागदावर नाव लिहून त्याला ‘कार’ जोडा आणि सभेच्या निवेदकाच्या आवाजात म्हणून पाहा. ‘आपल्यामध्ये उपस्थित आहेत मनतरंगकार.’ ‘शब्दसुमनकार.’ आणि विनयवाल्यांसाठी, ‘उगाचकार.’ टाळ्या पडतील, पण कशाला ते विचारू नका.

याला जोडून विभक्तीचीही एक परीक्षा घ्यावी. मोरा हे गाव स्वतःच तिचं उदाहरण आहे. प्रथमेत ते ऐटदार, जवळजवळ मोराच्या पिसाऱ्यासारखं. सप्तमीत नेलं की ‘मोऱ्यात’, आणि घाटावरून आलेल्या पाहुण्याला वाटतं यजमान मोऱ्या धुवायला गेले. साठच्या दशकात अशोक शहाणे यांनी काढलेल्या एका लघुअनियतकालिकाचं नाव होतं ‘असो’. मराठीत यापेक्षा मोकळं, बेफिकीर आणि लक्षात राहणारं नाव मला माहीत नाही. अंक थोडे निघाले, नाव राहिलं. पण त्यात कविता छापून आली तर ‘माझी कविता असोत आहे’ म्हणायची पंचाईत झाली असणार. ‘केसरी’ या परीक्षेत सहज पास होतो: केसरीने, केसरीला, केसरीत. ‘सकाळ’ही निभावतो, फक्त तो संध्याकाळी मिळाला की वाक्य डळमळतं.

मग सगळेच अशी सुटसुटीत नावं का घेत नाहीत? घेऊ इच्छितात, शिल्लक नाहीत. वृत्तपत्रं नोंदवायचा जुना कायदा १८६७चा, म्हणजे ‘विस्तारा’चा जुळा भाऊ. त्याची जागा घेणारा २०२३चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. काळ बदलला तरी नियम तोच: त्याच भाषेत आधी असलेलं किंवा त्याच्यासारखं दिसणारं नाव पुन्हा मिळत नाही. त्यामुळे तालुक्याच्या साप्ताहिकांची नावं आगगाडीसारखी होत जातात. मूळ शब्द इंजिन, आणि मागे टाइम्स, एक्स्प्रेस, वार्ता, दर्शन असे डबे. बोटींना ही अडचण नाही. एका बंदरात चार एकवीरा सुखाने राहतात, कारण सरकारला नंबर पुरतो आणि लोकांना ‘पांडूची एकवीरा’ पुरते. इथेही पुन्हा तेच: मालकाने अर्धं नाव दिलं, उरलेलं गावाने घातलं.

विनोदी सदरं लिहिणाऱ्यांना हे मर्म आधीपासून कळलेलं दिसतं. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये साहित्यिकांची टिंगल करायला बसले तेव्हा ‘ठणठणपाळ’ झाले. आत काही नाही आणि आवाज मात्र मोठा, असा भांड्याचा नाद त्या नावातच आहे. ‘तंबी दुराई’ आणि ‘ब्रिटिश नंदी’ ही नावं ऐकून माणूस एकदा तरी मागे वळून पाहतो. तंबी दुराईंच्या सदराचं नाव तर ‘दोन फुल एक हाफ’. हे नाव बसमध्ये, थिएटरात आणि लाँचच्या तिकीटखिडकीवर आपण सगळ्यांनीच हजार वेळा उच्चारलेलं आहे. लेखकाने ते शोधून काढलं नाही, वाचकाच्या खिशातूनच काढलं. वाचकाला ते पाठ करावं लागत नाही, कारण ते त्याचंच असतं.

आता शेवटचा आक्षेप, तरुणांचा. ते म्हणतील, हल्ली कोण हाक मारतं? सगळे मोबाइलवर अंगठ्याने शोधतात. ठीक आहे, पण अंगठ्यापर्यंत नाव पोचतं ते कुणाच्या तरी तोंडूनच. शेजारी बसलेला माणूस इंजिनच्या आवाजात सांगतो, ‘अरे ते वाच’, आणि ऐकणारा आठवून रोमन अक्षरांत ते जुळवू लागतो. त्यात ज्ञ असेल तर तो तीन प्रकारे लिहून पाहील, ऋ असेल तर क्रिकेटचा स्कोअर बघायला निघून जाईल. अंगठा जिभेपेक्षा आळशी असतो. त्याच्यासाठी नाव आणखी सोपं लागतं, अवघड नव्हे.

इतकं बोलून झाल्यावर एखादं नाव सुचवायची जबाबदारी माझ्यावर येते. मोऱ्याच्या लेखकासाठी मी काही तपासली. ‘ओहोटी’ चांगलं आहे, पण वर्गणी मागायला गेल्यावर अपशकुन होतो. ‘गाळ’ छोटं आहे, खरं आहे, बंदराची सगळी व्यथा त्यात आहे, पण ते नाव म्हणजे टीकाकाराला आयतं परीक्षण. ‘शेवटची लाँच’ला हुरहूर आहे, मात्र कातरून ‘शेला’ होतं आणि लोक साडीचं दुकान समजतील. ‘मोरपीस’ मोऱ्यातल्या प्रत्येकाला सुचतं, यातच त्याचा निकाल आहे. उरतं एक: ‘जवळा’.

आधी हसून घ्या. मग परीक्षा घ्या. तीन अक्षरं, कातरायला जागाच नाही. शेवटी मोकळा आ. कोळीण टोपली घेऊन हेच ओरडत दारावरून जाते, म्हणजे गळ्याची चाचणी कधीच होऊन गेली आहे. सप्तमीत ‘जवळ्यात’, निर्धोक. ‘जवळाकार’ म्हटलं तर माणूस निदान गोलाकार नाही एवढं नक्की होतं. डोळ्यांना दिसतो, आणि दिसायच्या आधी नाकाला कळतो. चिमूटभर आकाराची, उन्हात वाळवलेली, पावसाळ्यात घरात दुसरं काही नसताना कामाला येणारी वस्तू. चार पानी लेखनाचं याहून प्रामाणिक वर्णन होणार नाही. त्यात ‘जवळ’ही आहे, ते ज्याला ऐकू येईल त्याला येऊ द्यावं, आपण समजावून सांगू नये. वास येतो, असा एक आक्षेप येईल. येतोच. ‘शब्दगंध’ ठेवणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं आणि मिळालं नाही.

हे नाव मी कुणासाठी राखून ठेवलेलं नाही. मोऱ्यातल्या ज्याला हवं त्याने उचलावं. मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि रंगाचे डबे उघडलेलेच असतात. ६१ दिवसांत मथळा कुणाकडूनही रंगवून घेता येईल. फक्त दुसरा अंक लिहून तयार असेल तरच न्यावं.